पाठीत वाकलेले रोहू

शिरोळकडच्या आमच्या क्षारपड रानात ऊस येईना, म्हणून तळं काढून मासे सोडले. गेल्या उन्हाळ्यात जाळं ओढलं तर चार-पाच रोहू पाठीत वाकडे. आबा म्हणाले, "पाण्यात चुना काय कमी हाय व्हय? मग हाडं का वाकली?"

आबांचं अर्धं बरोबर. कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातूनच घेतो. पण हाडाला फॉस्फरसही लागतो, आणि घोळ त्याचाच. पाण्यात तो नगण्य, खाद्यातूनच यावा लागतो. आम्ही घालायचो शेंगपेंड आणि भाताचा कोंडा. त्यात फॉस्फरस आहे, पण बराचसा फायटेटमध्ये, म्हणजे बी-कोंड्यातल्या फॉस्फरसच्या साठ्यात, अडकलेला. माशाला तो सोडवता येत नाही. वर रोहू-कटल्याला जठरच नसतं. आम्ल नाही, त्यामुळं मासळीच्या भुकटीतल्या हाडांचाही फॉस्फरस नीट लागू पडत नाही. (जठर नाही आणि एवढे खादाड कसे, हे आमच्या मंडळींचं कोडं!)

क जीवनसत्त्व कमी पडलं तरी पाठ वाकते, म्हणून आता तेही घालतो आणि फॉस्फरससाठी मोनोकॅल्शियम फॉस्फेटही. ते चांगलं विरघळतं. पण हात सैल सुटला की जास्तीचं पाण्यात उतरतं आणि तळं शेवाळानं हिरवंगार. वाकडे रोहू काही सरळ झाले नाहीत; तांबड्या रश्श्यात गेले.