सतरा वर्षांनी वर आलेले सिकाडा आणि लिटल जुनिॲटाचे ट्राउट

फ्लाय फिशिंग म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली माशीने, फ्लायने, मासे पकडणं; ते करणाऱ्यांचं कॅलेंडर किड्यांवर चालतं. मध्य पेनसिल्व्हेनियात मे संपता संपता नद्यांवर सल्फर नावाच्या पिवळसर मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणारे नाजूक किडे, उडायला लागतात, त्याच सुमाराला पेन्स क्रीक या ओढ्यावर ग्रीन ड्रेक नावाच्या मेफ्लाय येतात, आणि लोक त्यासाठी वर्षभर रजा साठवून ठेवतात. 2025 साली मात्र सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. सिकाडा, म्हणजे झाडांवर बसून कर्कश गाणारे किडे, आणि त्यांचा एकाच वर्षी जमिनीतून निघणारा एक गट, ब्रूड 14, वर येणार होता. 17 वर्षं जमिनीखाली काढलेल्या सिकाडांची ही पिढी याआधी 2008 साली आली होती, त्याआधी 1991 साली. आता थेट 2042.

मी गेले ते आमच्या शेजाऱ्यांबरोबर. वय सत्तरीच्या पुढे, आणि मागच्या दोन्ही वेळी ते याच नदीवर होते. लहानपणी काकांबरोबर रत्नागिरीच्या खाडीत तंगूस आणि गरी घेऊन बसायची सवय होती, पण हातात फ्लाय रॉड धरायला मला शिकवलं ते यांनी.

फिलाडेल्फियाहून सुमारे 300 किलोमीटर. हॅरिसबर्ग सोडलं की सस्क्वेहॅना नदीचं रुंद, उथळ पात्र सोबतीला येतं, मग 322 क्रमांकाचा रस्ता जुनिॲटाच्या खोऱ्यात शिरतो. एकामागे एक लांबलचक डोंगररांगा, मधल्या खोऱ्यांत शेती, आणि त्या रांगा कापत गेलेल्या नद्या. लिटल जुनिॲटा त्यांतलीच एक. स्प्रूस क्रीक नावाच्या छोट्या गावाजवळ याच नावाचा ओढा तिला येऊन मिळतो. जिमी कार्टर मासेमारीसाठी यायचे तो हाच ओढा. चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी मिळत असल्यामुळे उन्हाळ्यातही नदी बऱ्यापैकी गार राहते आणि ब्राउन ट्राउट जातीचे मासे इथे स्वतःच वाढतात. ज्या टप्प्यात आम्ही होतो तिथे पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचा, असा नियम आहे. काठाला लागून रेल्वेचा जुना मुख्य मार्ग आहे, त्यामुळे मालगाड्यांची धडधड सतत असते. माशांना तिचं काही वाटत नाही.

आता सिकाडा. जमिनीत साधारण 20 सेंटीमीटर खोलीवर तापमान 18 अंशांच्या आसपास पोचलं की त्यांची पिल्लं बिळातून बाहेर पडतात. अंधार पडल्यावर मी टॉर्च घेऊन एका ओकच्या बुंध्यापाशी उभी राहिले. मातीच्या रंगाची, पुढचे पाय खणायला बनलेली पिल्लं सालीवर चढत होती. त्यांतलं एक माझ्या खांद्याच्या उंचीवर थांबलं, नख्या रोवल्या, आणि पाठीवर उभी चीर पडली. त्यातून हळूहळू मागे झुकत जे बाहेर आलं ते दुधासारखं पांढरं होतं, डोळे तेवढे लाल, आणि डोक्यामागे दोन काळे ठिपके. पंख चुरगळलेले. ते उलगडेपर्यंत मी जागची हलले नाही. सकाळी बघितलं तर त्याच बुंध्यावर काळेभोर, नारिंगी शिरांच्या पंखांचे सिकाडा बसलेले, आणि खाली रिकाम्या कातींचा खच.

दाट जागी एका एकरात दहा लाखांहून जास्त सिकाडा निघू शकतात. पक्षी, खारी, रॅकून, साप, सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी उरतात, आणि उरलेले अंडी घालतात. त्यांचा बचाव तो एवढाच: ना विष, ना डंख, ना पळण्याची चपळाई. उडतात तेही धडपडत. वाऱ्याची झुळूक आली की फांदीवरून सुटतात आणि नदीत आदळतात. आमच्यासारख्यांचं नशीब उघडतं ते इथे.

पण नदीवर कुठेही उभं राहून चालत नाही. हे कळायला शेजाऱ्यांबरोबर गाडीतून केलेली पहिली फेरी पुरेशी होती. खिडक्या उघड्या ठेवून ते अगदी सावकाश गाडी चालवत होते. एका वळणावर शुकशुकाट, पुढच्या वळणावर दूरवर पिठाची गिरणी चालू असावी तशी एकसुरी घरघर. ती ऐकू आली की थांबायचं, खाली नदीचं पात्र आणि काठची झाडं बघायची, वारा झाडांकडून पाण्याकडे आहे ना ते बघायचं. ऊन हवंच, गार, ढगाळ हवेत नर गात नाहीत आणि फारसं कुणी उडतही नाही.

आवाज असा तुकड्या-तुकड्यांत का? सिकाडा फार लांब जात नाहीत. पिल्लं 17 वर्षं झाडाच्या मुळांतला रस पिऊन जगतात. म्हणजे 2008 साली ज्या झाडाच्या फांद्यांत अंडी घातली गेली, ते झाड आणि त्याखालची माती 2025 पर्यंत जागेवर हवी. मध्ये कुणी झाडं तोडून वाहनतळ केला की त्या जागेचे सिकाडा संपले. कनेटिकटकडचा ब्रूड 11 असाच गेला; 1954 नंतर तो कुणालाच दिसलेला नाही. लिटल जुनिॲटाच्या काठचं रॉथरॉक जंगलही एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा पुरवण्यासाठी जवळजवळ साफ झालं होतं. ओकला बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, आणि मुळं जिवंत राहिली म्हणूनच खालची पिल्लं तगली असावीत, असं मला वाटतं. त्या आठवड्यात मी नदीपेक्षा झाडंच जास्त बघितली. जिथे काठावर जुने ओक पाण्यावर झुकलेले, तिथेच मासे वर बघत होते.

ब्राउन ट्राउट मोठा झाला की दिवसा सहसा दर्शन देत नाही. बुडालेल्या ओंडक्याखाली पडून राहतो, रात्री बाहेर पडून छोटे मासे आणि क्रेफिश खातो. सिकाडांच्या दिवसांत हेच मासे भरदुपारी पृष्ठभागावर येतात. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की या नदीत 17 वर्षं जगणारा एकही ट्राउट नाही. म्हणजे 2008 चे सिकाडा खाल्लेला मासा आज तिथे नाही. प्रत्येकासाठी हे खाणं आयुष्यात पहिल्यांदाच. मुळात ही जातच युरोपातली, 1883 साली तिची अंडी जर्मनीहून अमेरिकेत आली. तरीही काही दिवसांत नदीभर मासे शिकतात. सुरुवातीला वर येऊन नुसतं हुंगतात, परत जातात. मग एखादा तोंड घालतो, आणि त्यानंतर ‘टप्प’ असा आवाज झाला की वळतातच.

म्हणून इथली फ्लाय अलगद ठेवायची नसते. एरवी आपण श्वास रोखून, पाण्याला कळणारही नाही अशी माशी उतरवतो. ही चांगली जाड, काळ्या फोमची, पोटाला नारिंगी, रबराचे पाय, ती आपटायचीच. नेहमीच्या बारीक दोऱ्याला ती झेपत नाही, त्यामुळे 6 नंबरचा, जड दोरा पेलणारा रॉड आणि जाडसर टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा टोकाचा दोरा. आपटली की हात आवरायचा आणि ती प्रवाहाबरोबर जाऊ द्यायची, मधूनच टोकाने किंचित थरथरवायची, कारण खरा सिकाडा पाण्यात पडल्यावर पंख फडफडवत गोल वलयं काढत राहतो.

झुकलेल्या एका ओकखाली तसा एक खरा सिकाडा वाहत आला आणि गायब झाला. शेजाऱ्यांनी बोट दाखवलं, बोलले काहीच नाहीत. माझी फ्लाय फांदीच्या जरा अलीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला पडली. सावलीतून एक रुंद, पिवळट अंग तिरकं वर आलं, घाई अजिबात नाही, पांढरं तोंड उघडलं आणि मिटलं. मी दोन श्वास थांबून दांडी उचलली. तो सरळ ओंडक्याकडे निघाला आणि मला त्याला पाण्यातून चालत जाऊन अडवावं लागलं. जाळ्यात आला तेव्हा त्याच्या घशाशी नारिंगी शिरांचे दोन पंख अडकलेले दिसत होते. इतकं खाऊनही त्याला माझी फ्लाय हवी होती! गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला, त्यामुळे तो पाण्यातच सुटला.

उकाडा वाढून पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउटना हात लावू नये, दमलेला मासा सोडला तरी मरतो. तशा दुपारी आम्ही रेजटाउन तलावावर जायचो. तिथले कार्प मासे झाडांखाली फिरत, मुचमुच आवाज करत सिकाडा टिपतात. अनेक अमेरिकन लोक कार्पला कमी लेखतात, ते मला पटत नाही. सिकाडा घेऊन पळालेला कार्प रीलवरचा दोरा ज्या वेगाने नेतो, तो एकदा अनुभवावा.

आपल्याकडेही असं काही आहे. मेघालयातल्या री भोई जिल्ह्यात एक सिकाडा दर 4 वर्षांनी निघतो, आणि तिथले लोक तो रात्री गोळा करून खातात. तिथे जायचं मनात आहे. अमेरिकेतला पुढचा 17 वर्षांचा गट म्हणजे ब्रूड 1, तो 2029 साली व्हर्जिनियात, ब्लू रिज डोंगरांच्या बाजूला. शेजाऱ्यांनी घरी येताना रस्त्यातच नकाशा उघडला आणि तिथल्या नद्यांच्या काठचं जंगल कुठे शाबूत आहे ते बघायला लागले. जायचं असेल त्यांनी तेच करावं: मे महिना येण्याच्या बराच आधी नकाशावरची जुनी झाडं शोधावीत, नदी मग निवडावी.