पट्ट्याखालची मांडी

इंदूरच्या सीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानावर दिवसभर उभे असणारे एक काका मागच्या महिन्यात फिजिओथेरपीला आले. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला चार महिने झणझण आणि जळजळ. "ताई, खिशात मोबाईल थरथरतोय असं वाटून हात जातो, आणि मोबाईल गल्ल्यावर असतो!" एमआरआयमध्ये कमरेच्या एल-४, एल-५ मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली. तेवढ्यावरून कमरेचा पट्टा दिलेला, घट्ट बांधा म्हणून. आणि जळजळ वाढली ती पट्ट्यानंतरच.

त्या गादीने नस दाबली तर कळ साधारण नडगीच्या बाहेरून पावलापर्यंत उतरते. काकांची गुडघ्याच्या वरच थांबत होती. कापूस फिरवत, स्पर्श जिथे बोथट होतो तिथे मी बॉलपेनने ठिपके दिले. जोडले तर पँटच्या बाजूच्या शिवणीवर एक लांबट चकदळ उमटलं. हातोडीने गुडघा नीट उडाला, काका उकिडवे बसून हात न टेकता उठले. मांडीच्या पुढची मोठी नस किंवा कण्यातून निघणारी एल-३, एल-४ नसांची मुळं दुखावली असती तर इथे कमजोरी दिसली असती. नागिणीची आग पुरळाआधीही होते, पण चार महिने पुरळाविना सहसा नाही.

मग कुशीवर निजवलं, दुखरी बाजू वर, आणि कमरेच्या हाडावर ४५ सेकंद सरळ खाली दाब दिला. या दाबाने जांघेतला अस्थिबंध सैलावतो आणि त्याखालून जाणाऱ्या नसेवरचा ताण उतरतो. दाब असतानाच काका म्हणाले, "थांबलं की!"

मेराल्जिया पॅरेस्थेटिका. लॅटरल फेमोरल क्युटेनियस नर्व्ह, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाची नस, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ चेपली जाते. ही नस फक्त त्वचेची, म्हणून ताकद जात नाही. सुटलेलं पोट, गरोदरपण, घट्ट जीन्स, मधुमेह, ही नेहमीची कारणं. काकांच्या पट्ट्याची खालची कड नेमकी त्या टोकावर रुतलेली, लाल वळ होता.

फिल्म पाहून पट्टा द्यायचा आणि मांडीला हात लावायचा नाही, याचा मला संताप येतो. चाळिशीनंतर काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या गाद्या सरकलेल्या दिसतात.

पट्टा बंद केला, पँटची कमर दोन बोटं सैल करवली, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढवला, शुगर तपासायला पाठवलं. दोन्ही पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला तर माझ्याकडे न येता थेट इस्पितळ, हेही बजावलं.

तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा दिले. चकदळ निम्म्यावर आलंय. पट्टा मात्र काकांनी घडी करून कपाटात ठेवलाय, डॉक्टरांनी दिलेला म्हणून.