व्यसन : नाही

आमच्या दवाखान्यात दिव्यांग बोर्ड, म्हणजे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची तपासणी, बुधवारी असतं. मी तिथे समाजसेवा अधीक्षक, म्हणजे पदाचं नाव भारदस्त आहे पण काम काय तर कोणाचा फॉर्म अडलाय, कोणाला रक्त मिळत नाहीये, कोण बेवारस पडलंय हे बघायचं, आणि बुधवारी सकाळी आठपासून व्हरांड्यात टेबल टाकून बोर्डाला आलेल्यांचे कागद लावून द्यायचे. आधार, फोटो, जुने एक्सरे, ऑनलाइन नोंदणीची पावती. आता सगळं स्वावलंबन पोर्टलवर भरायचं असतं तरी शेवटी माणसाला स्वतः यावंच लागतं, त्यामुळे दीडशे-दोनशे लोक आणि त्यांच्यासोबतचे तितकेच, त्यात एक पंखा आणि तोही माझ्या टेबलावर नाही.

हा बुधवार आखाजीनंतरचा होता. खान्देशातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणी माहेरी, झोके, सांजोऱ्या, आणि गावातले गडी झाडाखाली पत्ते घेऊन बसलेले, आणि पत्त्यांसोबत जे असतं ते. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. हे ऊन मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध आहे.

साडेनऊच्या सुमारास अमळनेर तालुक्यातलं एक कुटुंब टेबलापाशी आलं. माणूस पंचेचाळिशीचा असेल, काठी टेकत, दोन्ही बाजूंना झुलत बदकासारखा चालत होता. बायको, आणि बारावीची परीक्षा दिलेली मुलगी. कापसाच्या जिनिंगवर हमाल होता, एकशे सत्तर किलोची गाठ असते ती ढकलायची, लोटायची, हे काम त्याने पंधरा-सोळा वर्षं केलेलं. दोन वर्षांपासून दोन्ही खुबे गेले. एक्सरे मला फार कळतात असं नाही पण इतके बघितलेत की खुब्याचा गोळा गोल आहे की चपटा झालाय एवढं ओळखू येतं. दोन्हीकडे चपटा.

आमच्याकडे एक पानी कागद असतो, तो सरकारी फॉर्म नाही, आधीच्या कोणीतरी टाईप करून ठेवलेला आणि त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स चालू आहेत. त्यात शेवटून तिसरी ओळ, व्यसन : आहे / नाही. मी खाली मान घालूनच विचारलं, दारू-बिरू?

बायको पटकन म्हणाली, "नही वं ताई, माळकरी शेतस त्या. हात बी नही लावतस."

मी मान वर केली. गळ्यात तुळशीची माळ होती खरी. पण कोरी करकरीत, दोरा पांढराशुभ्र. ज्याच्या गळ्यात दहा वर्षं माळ आहे त्याचा दोरा घामाने काळा पडलेला असतो हो, आमच्या आजोबांचा होता. त्याचे हात थरथरत होते, काठीची मूठ धरलेली तरी. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. पण घाम सगळ्यांनाच होता, मलाही होता. मागे रांग. मी "नाही" वर टिक केली आणि पुढच्याला हाक मारली.

त्या टिकसाठीच हे सगळं लिहितेय खरं तर.

लोक हे का लपवतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. गेटबाहेर जे एजंट बसतात ते फॉर्म भरायचे दोनशे घेतात आणि वर फुकटचा सल्ला देतात की आत दारूचं नाव काढू नका, फाईल बाद होते. आणि ही भीती अगदी हवेतून आलेली नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख मिळतात, पण माणूस नशेत होता असं निघालं तर दावा नाकारतात, नियमातच तसं आहे. एखाद्या गावात अशी एक फाईल परत आली की पंचक्रोशीत झालंच, सरकारी कागद आणि दारू एकत्र आले की पैसे गेले. मग ते अपघाताचं असो की अपंगत्वाचं की रेशनचं, लोकांना सगळं एकच. जिनिंगवर लागलं आणि त्या वेळी कामगार प्यायलेला होता म्हणून भरपाई नाकारल्याचेही किस्से असतात, 1923 च्या भरपाई कायद्यातही तशी एक अट आहेच (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ती लागत नाही, पण एवढं बारीक गावात कोण सांगतं).

तर साडेदहा-पावणेअकराला रांगेत एकदम आरडाओरडा झाला. मी उठून गेले तर तोच माणूस फरशीवर, डोळे वर, हातपाय ताठ होऊन झटके, तोंडाला फेस आणि फेसात रक्त, जीभ चावली गेलेली. कोणीतरी म्हणालं मिर्गी आहे, कोणीतरी चप्पल काढून नाकाला लावली, एका म्हाताऱ्याने तर पिशवीतल्या डब्यातून कांदा काढला, मला अजून तो कांदा आठवतो, अर्धा चिरलेला होता. मी आणि वॉर्डबॉयने मिळून त्याला कुशीवर वळवलं, चप्पलवाल्याला बाजूला केलं, आणि झटके थांबल्यावर स्ट्रेचरवर घालून कॅज्युअल्टीत.

तिथले मेडिकल ऑफिसर तरुण होते, वर्षभरापूर्वी लागलेले. त्यांनी शुगर बघितली, ठीक होती. बीपी आणि नाडी दोन्ही वाढलेले. पहिला प्रश्न, आधी कधी फिट आलीय का? नाही. डोक्याला मार? नाही. दारू पितात का?

बायको गप्प. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तो सकाळचा कागद होता, वर माझी टिक. मग तिने तेच सांगितलं, माळकरी शेतस. आणि डॉक्टर मला म्हणाले, मॅडम तुम्ही हिस्ट्री घेतली होती ना?

मला काय झालं त्या क्षणी सांगता येणार नाही. लाज वाटली म्हणा. मी तिचा दंड धरून तिला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि म्हंटलं, वहिनी, माळ कधी घातली?

ती काही बोलेना. पदराचं टोक पिळत होती. मागून मुलगीच म्हणाली, "काल."

मग सगळं बाहेर आलं. रोजच्या तीन-चार क्वार्टर देशी, आखाजीच्या तीन दिवसांत तर हिशेबच नाही. एजंटने सांगितलेलं की डॉक्टरला वास आला तर झालं, म्हणून सोमवारी रात्रीपासून त्याला घरात कोंडून ठेवलेलं, भावाने बाहेरून कडी लावलेली. मंगळवारी दिवसभर तो थरथरत होता, उलट्या करत होता, रात्रभर झोपला नाही. त्यांना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस चोळला तळपायांना.

"आते काय करो ताई? तेवढं लिखू नका वं. पंधराशे रुपया जातीन मन्हा."

पंधराशे म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे, तेव्हा तेवढेच होते. चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट, उत्पन्नाचा दाखला वर्षाला पन्नास हजारांच्या आतला, मग तहसीलला अर्ज. घरात तेवढाच आधार येणार होता, ती कापूस वेचायला जाते तर ते काम हंगामापुरतं.

मी तिला सांगितलं की ते पैसे जात नाहीत. हाडाच्या अपंगत्वात कशामुळे झालं हे टक्क्यात धरत नाहीत, सांधा किती वळतो, माणूस चालतो कसा, हे मोजतात. तिला पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. मग मी म्हंटलं बरं, पैशाचं सोडा, आत्ता नाही सांगितलं तर माणूस जाऊ शकतो. हे ऐकल्यावर ती माझ्या आधी आत पळाली.

रोज पिणाऱ्याने एकदम सोडलं की पहिल्या दोन दिवसांत अशा फिट येऊ शकतात आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होतो, त्यात माणसं दगावतात, हे मला माहीत होतं. पण दुसरी एक गोष्ट त्या दिवशी सिस्टरने शिकवली. अशक्त दिसतोय म्हणून इंटर्नने ग्लुकोजचं सलाईन लावायला घेतलं होतं. दारूचं कळल्यावर डॉक्टर म्हणाले थांब, आधी थायमिन. थायमिन म्हणजे बी वन. सतत पिणाऱ्याच्या अंगात ते आधीच संपत आलेलं असतं, त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते, चालणं, नजर, आठवण सगळं जाऊ शकतं, कधी कधी कायमचं. म्हणजे माझ्या टिकमुळे तो माणूस खुब्यासोबत डोक्यानेही अपंग झाला असता. थायमिन गेलं, फिट आवरायचं लोराझेपाम गेलं, मग सलाईन.

मी केस पेपरवर डॉक्टरांच्या समोर माझी सकाळची टिक खोडली, शेजारी लिहिलं, वेळ टाकली, सही केली.

दुपारी बोर्डावरचे हाडांचे सर वॉर्डात येऊन त्याला बघून गेले. ते जरा तिरसट आहेत पण मनाने चांगले. मी त्यांना सकाळचं सांगितलं तर म्हणाले, अहो मला तर आधी कळलं असतं तर बरंच झालं असतं, मी इकडे सिकलसेलची तपासणी लिहिणार होतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, त्यालाच एव्हीएन म्हणतात, त्याची कारणं तीन-चारच नेहमीची, दारू, स्टेरॉइड, आपल्याकडे नंदुरबार-सातपुडा पट्ट्यात सिकलसेल, नाहीतर जुना फ्रॅक्चर. गावातले काही लोक पुड्यांमधून गोळ्या देतात गुडघेदुखीच्या, त्यात स्टेरॉइड असतं आणि पेशंटला माहीतही नसतं. कारण कळलं तर दुसरं काही वाचवता येतं. सर्टिफिकेटवर काय, दोन्ही खुबे एव्हीएन आणि टक्के. तिथे दारूचा रकानाच नाही.

इथे एक कबूल करायला हवं, कारण मी वहिनींना जितक्या ठामपणे सांगितलं तितकं ते सगळ्यांसाठी सोपं नाहीये. खुबा होता म्हणून सोपं. त्याच वर्षी एक निवृत्त मास्तर मुलाला घेऊन आले होते, मुलगा पितो, कामावरून काढलं, घरात बसून असतो, कोणाशी बोलत नाही, याचं मानसिकमध्ये सर्टिफिकेट होईल का. आता गंमत बघा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रास आजार म्हणून स्पष्ट लिहिलेत, म्हणजे उपचार मागण्याचा हक्क आहे. पण 2016 चा दिव्यांग कायदा, ज्यात 21 प्रकार आहेत, त्याच्या व्याख्येत ती ओळ नाही. नुसत्या व्यसनावर टक्के मिळत नाहीत. आमच्या मानसोपचार मॅडमनी त्या मुलाला परत पाठवलं, आधी दारू सुटू दे, उपचार घे, मग खाली काय उरतं ते बघू, नैराश्य आहे की आणखी काही. मास्तर चिडले होते, म्हणाले खरं सांगितलं म्हणून शिक्षा का? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आत्ताही फार चांगलं सुचतं असं नाही, एवढंच की खोटं सांगितलं असतं तर गोळ्या चुकीच्या चालू झाल्या असत्या, आणि त्याच्या बायकोने दुसऱ्या आठवड्यात येऊन सांगितलंच असतं, बायका सांगतातच कधी ना कधी.

असो. आपला माणूस. शुक्रवारी रात्री व्हायचं तेच झालं, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, जिनिंगचा मुकादम खाटेखाली लपलाय म्हणून ओरडायचा, सलाईन उपटलं. पण तोवर सगळ्यांना माहीत होतं की हे काय आहे, औषध चालू होतं, रात्रीच्या सिस्टरने दोन्ही बाजूंनी खाटेचे कठडे लावून घेतलेले. सोमवारी मी गेले तर तो उठून बसलेला, चहात पाव बुडवून खात होता. मी सहज म्हंटलं, जिभाऊ, किती वर्षं झाली घेताय?

"पेस ना माय, खोटं कसाले बोलू. वीस वरीस व्हयी ग्यात." आणि चहा पीत राहिला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बुधवारी सकाळपासून मी बायकोला विचारलं, डॉक्टरांनी बायकोला विचारलं, एजंटने बायकोला पढवलं. ज्याच्या गळ्यात माळ घातली त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आता मी टेबलावर आधी माणसाकडे बघून विचारते, घरच्यांना नंतर. आणि प्रश्नही बदललाय, पिता का असं नाही, शेवटची कधी घेतली असं. फरक पडतो, करून बघा कोणी या लाईनमध्ये असाल तर.

दोन-अडीच महिन्यांनी, पाऊस सुरू झाला होता, वहिनी आणि ती मुलगी सर्टिफिकेटची प्रिंट घ्यायला आल्या. तो आला नव्हता. सुटली का म्हंटलं तर म्हणाली, मधी एक दाव पेना, मंग परत बंद शे. मी कागदावर 14416 लिहून दिला, टेलिमानसचा, फुकट आहे, रात्रीही लागतो. ती कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवत म्हणाली, ताई, त्या दिनले तुम्ही जे लिखं ते पुसता येस का? पोरनं लगन करनं शे.

म्हणजे पंधराशेचं भय होतंच, पण त्याच्या खाली हे मुलीच्या लग्नाचं होतं. मी तिला सांगितलं की केस पेपरवरचं पुसता येत नाही, ते दवाखान्यातच राहतं, कोणाला दाखवत नाहीत. आणि हे सर्टिफिकेट गावभर दाखवलंस तरी चालेल. ती हातातल्या प्रिंटकडे बघत राहिली, तिला वाचता येत नव्हतं. मुलीकडे दिलं. म्हणाली, मोठ्याने वाच, पूर्ण.

मुलीने व्हरांड्यात उभं राहून वाचलं. नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, ओळखखूण उजव्या गालावर तीळ. अपंगत्वाचा प्रकार. एव्हीएनला ती अडखळली, मी सांगितलं. बावन्न टक्के, तेही आकड्यात आणि अक्षरात दोन्ही वाचलं. सह्या तीन, शिक्का.

"अजून?" आई म्हणाली.

मुलीने कागद उलटा केला, मागची बाजू कोरी होती, ती तिला दाखवली.