बॉक्स लॅक्रॉस: सामना फिरतो तो बदलीत

लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ; बॉक्स लॅक्रॉस हा त्याचा बंदिस्त मैदानातला प्रकार. त्याची उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल लॅक्रॉस लीग. तिच्या साखळीत प्रत्येक संघाचे १८ सामने, बहुतेक आठवड्याच्या शेवटी. कारण बऱ्याच खेळाडूंना सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं असतं. मैदान म्हणजे टर्फ अंथरलेली आइस हॉकीची रिंक. गोल जेमतेम पावणेपाच फूट रुंद, चार फूट उंच, आणि त्यात चिलखत चढवलेला गोलकीपर! फट उरते ती खांद्यावर नाहीतर पायाशी.

खरी गंमत खेळाडूंच्या बदलीत आहे. शॉटसाठी ३० सेकंद. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की आक्रमक धावत बेंचकडे, बचावपटू आत. दोन पावलं उशीर झाला की समोरचा मोकळा सुटतो. घाई केली तर मैदानात एक माणूस जास्त, म्हणजे दोन मिनिटांची शिक्षा.