पात्र कोण, हे ठरवतं कोण

"घर मिळतंय ना? मग न्याय झालाच की, ताई."

आमच्या इमारतीतल्या एका भल्या गृहस्थांनी मध्यंतरी मला हे ऐकवलं. विषय मुंबईतल्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांना द्यायच्या घरांचा होता. सरकार शेलूला आणि वांगणीला घरं देऊ करतंय, कामगार म्हणतात आम्हाला मुंबईतच द्या, तर हा हट्ट कशाला, असं त्यांचं म्हणणं. माणूस मनाने चांगला आहे. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय.

मी लालबागची. नोकरीतून निवृत्त झाले तेव्हापासून रविवारी सकाळी कामगारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या कागदपत्रांचं काम करते. अर्ज भरणं, नावातल्या चुकांसाठी प्रतिज्ञापत्र करून देणं, झेरॉक्सचे गठ्ठे लावणं. येणाऱ्या बहुतेक बायका विधवा. प्लास्टिकच्या पिशवीत, कधी जुन्या साडीच्या घडीत, नवऱ्याची सगळी नोकरी गुंडाळून आणतात. तिकीट नंबर, लाल पास, हजेरी कार्ड, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती. एकीकडे 'शंकर', दुसरीकडे 'शंकरराव', तिसरीकडे आडनावच वेगळं, कारण भरतीच्या वेळी जॉबरने, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाने, गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी घाईत ते नाव लिहिलं, त्याला कुणी काही विचारत नाही. आज खुलासा करायचा तो या बाईने.

मुळात पात्र कोण? १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो. गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला त्या वर्षी १८ जानेवारीला, म्हणून ही तारीख. सरकारी दृष्टीने रेष कुठेतरी मारावी लागते, हे मला समजतं. पण तीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवून १९८१च्या दिवाळीला घरी बसलेला माणूस त्या रेषेच्या पलीकडे राहतो आणि त्याचा मुलगा माझ्यासमोर बसून विचारतो, "माझ्या बापाने काय कमी काम केलं?" रेष मारताना त्या खोलीत त्याच्या बापासारखं कुणी बसलेलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

संपाच्या वेळीही हेच झालं होतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले. पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक युनियन एकच, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार कुणाच्याही सभेला जावोत, त्यांच्या वतीने करार करण्याचा हक्क कायद्याने आधीच दुसऱ्याला देऊन ठेवलेला. संप बेकायदा ठरला. तो अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. संपाची घाई झाली का, डॉक्टरांचं काय चुकलं, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात, ती होऊ द्यात. पण कामगाराचा आवाज कोणता हे कामगाराने ठरवायचं नाही, असा नियम जिथे आहे तिथे निकालाला न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग आला जमिनीचा प्रश्न. गिरणगावातली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमात तीन वाटण्या होत्या: एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. गिरणीच्या शेड ज्या जागेवर उभ्या होत्या ती जागा वाटणीतून बाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच असतात हो! उरलेल्या तुकड्याचा तिसरा हिस्सा तो केवढा असणार? उच्च न्यायालयाने २००५मध्ये ही वाटणी अमान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६मध्ये ती वैध ठरवली. जमीन तीच, कामगार तेच. अर्थ लावणारे बदलले आणि कामगारांच्या घरांची जागा आक्रसली. २०१२च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. बाकीच्यांना आता बदलापूरच्याही पुढची स्टेशनं दाखवतात.

आता आईबद्दल लिहिते. ती कुठल्याच यादीत नाही.

आई खाणावळ चालवायची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत घाटावरची आणि कोकणातली माणसं तिन्ही पाळ्यांप्रमाणे जेवून जायची. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. पहिल्या पाळीचे डबे भरून झाले की दुसऱ्या पाळीच्या भाकऱ्या, रातपाळीवाले परत येईपर्यंत आमटी पुन्हा उकळायची. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराचा फेरा सुटावा म्हणून. संप लागला तेव्हा आईच्या वहीतल्या माणसांचे पगार थांबले, भूक कशी थांबणार? तिने महिनोन्महिने उधारीवर जेवायला घातलं. वाण्याची बाकी तुंबली तेव्हा पाटल्या विकल्या. काहींनी पुढे गावाहून मनीऑर्डरने पैसे फेडले, काही परत दिसलेच नाहीत. तो संप जितका काळ टिकला त्यात या बायकांचा वाटा होता, पण घरांच्या योजनेत 'खाणावळवाली' असा रकानाच नाही. हजेरी कार्ड नाही, फंड नाही, तर पुरावा कसला देणार?

आईच्या वहीतली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. खाडा. एखादा माणूस जेवायला येणार नसेल तर महिन्याच्या पैशातून तेवढं वजा करायचं. पण केव्हा? आदल्या रात्री सांगितलं तरच, की सकाळी सांगितलं तरी चालेल? अचानक जादा पाळी लागली तर? आजारी पडला तर? यावर एकदा आमच्या खोलीत मोठा वाद झाला होता. मी लहान होते, माळ्यावर बसून ऐकत होते. माणसं म्हणाली, मावशी, जॉबर ऐनवेळी थांबवतो, आम्ही आदल्या रात्री कुठून सांगणार? आई म्हणाली, मी पीठ मळून बसते त्याचं काय? बराच वेळ तावातावाने बोलणं चाललं. शेवटी ठरलं की जादा पाळी लागली तर अर्धा खाडा आणि उरलेली भाकरी संध्याकाळी त्याच माणसाने खायची. कुणीच पूर्ण खूश नव्हतं. तरी पुढे त्यावरून कटकट झाल्याचं मला आठवत नाही, कारण ज्यांना तो नियम सोसायचा होता ते सगळे त्या खोलीत हजर होते.

त्या गृहस्थांना मला एवढंच विचारायचं आहे: शेलू की शिवडी, हे ठरवताना परळच्या सत्तर वर्षांच्या विधवेला कुणी विचारलं? तिचं रेशन, तिचं केईएम, तिच्या ओळखीची माणसं इथे आहेत. तिला चार भिंती कुठेही चालतील, हे तिच्या वतीने कुणी ठरवलं?

आणि हे फक्त सरकारचंच आहे असंही नाही. परवा एक माणूस वडिलांची फाईल घेऊन आला होता. सोबत बहिणींचं हक्कसोडपत्र टाईप करून आणलेलं, फक्त सह्या बाकी. "त्यांना काही नकोय," म्हणाला. मी म्हटलं, त्यांना फोन लावून द्या. धाकटी विरारला राहते. ती म्हणाली, "दादाला घर मिळालं तर मला आनंदच आहे. पण कागद आधी मला वाचायला द्या. काय सोडतेय ते मला कळू दे." तो माणूस चिडला. मी फाईल त्याच्याकडे परत दिली आणि सांगितलं की पुढच्या रविवारी दोघी बहिणींना घेऊन या, चहा मी करते, कागद मोठ्याने वाचू आणि मग काय लिहायचं ते तुम्ही तिघं ठरवा.