संत्री, बदाम आणि आमचे पंतप्रधान

मार्च २०२५ मधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाहीये. इथे कॅनडात, मिसिसागाच्या नेहमीच्या दुकानात मी संत्र्यांची जाळी ट्रॉलीत टाकली, तर आमच्याच बिल्डिंगमधल्या सत्तरीच्या आजी, ज्यांच्याशी आजवर फक्त बर्फाबद्दल बोलणं झालंय, त्यांनी ती उचलली, चष्मा सरकवून लेबल वाचलं, "फ्लोरिडा" म्हणाल्या आणि त्या जागी मोरोक्कोची जाळी ठेवली. माझ्या ट्रॉलीत! हसत हसत! अरे, मला स्वदेशी शिकवता? आमच्या पुण्यात १९०५ सालीच विदेशी कपड्यांची होळी झालीये. (बोलले काहीच नाही, थँक्यू म्हटलं. संत्री आंबट निघाली.)

त्यांचंही चूक नाही म्हणा. ट्रम्प तेव्हा कॅनडाला उठसूट अमेरिकेचं ५१वं राज्य म्हणत होता, वर टॅरिफ (आयात कर), आणि इथला साधारण पाऊण निर्यात माल जातो अमेरिकेतच, म्हणजे भांडायचं ते सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाशी. १४ मार्चला मार्क कार्नी कॅनडाचे पंतप्रधान झाले, तोवर साधे खासदारही नव्हते, दोन देशांच्या सेंट्रल बँका सांभाळलेला माणूस. पहिला दौरा पॅरिस-लंडनचा, वॉशिंग्टन नाही. मे महिन्यात व्हाइट हाउसात बसून देश विकाऊ नाही म्हणाले तेव्हा मलासुद्धा भारी वाटलं. आणि जूनअखेर ट्रम्पने व्यापाराची बोलणी तोडली तर लगेच बड्या टेक कंपन्यांवरचा डिजिटल टॅक्स गुंडाळला!

मला मात्र कार्नींचं दुसरं दुखणं जास्त जवळचं, भारताशी बिघडलेलं नातं. सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो संसदेत बोलले की खलिस्तानवादी निज्जरच्या कॅनडातल्या खुनामागे भारताचा हात असल्याचा संशय आहे, आणि तीन दिवसांत भारताने कॅनेडियन लोकांचे व्हिसा थांबवले. माझा पासपोर्ट कॅनडाचा, ओसीआय (आमच्यासारख्यांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) काढायचा आळस केलेला, त्यामुळे ऑक्टोबरात बाबांची पंच्याहत्तरी व्हिडिओ कॉलवर, सगळे जेवायला बसले तरी माझा फोन आपला फळीवर टेकवलेला. म्हणून २०२५ मध्ये कार्नींनी मोदींना जी-सेव्हन परिषदेला बोलावलं, १७ जूनला भेट झाली, दोन्हीकडे परत हायकमिशनर नेमायचं ठरलं, तेव्हा मी खुश झाले. ऑफिसातला ब्रॅम्प्टनचा सरदारजी मित्र दोन दिवस धड बोलला नाही. त्याचा राग मला कळतो. खुनाचा आरोप आहे, केस अजून कोर्टात आहे. पण माझे आईबाबा तिकडे आहेत, मी काय करू?

आता ओसीआय आलंय, गणपतीला येतेय. परवा लिफ्टमध्ये आजी भेटल्या, हातात ऑन्टारियोच्या स्ट्रॉबेऱ्या. माझ्या पिशवीत बाबांसाठी दोन किलो कॅलिफोर्नियाचे बदाम. पिशवी हळूच पाठीमागे घेतली.