आईला साताऱ्याहून आणलं तेव्हा

आई गाडीत पाणीच प्यायला तयार नव्हती. निघताना मांडीवर ठेवलेली बाटली आनेवाडीचा टोलनाका मागे पडला तरी तशीच भरलेली. कारण मला ठाऊक होतं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, आणि बाहेरच्या बाथरूममध्ये कोरोना असणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वय ७१, बीपीची गोळी चालू, बाहेर सप्टेंबरचं दमट ऊन.

२०२० साल. जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास २ सप्टेंबरपासून बंद झाला आणि त्याच आठवड्यात आई साताऱ्यात अंगणात घसरली. डावं मनगट मोडलं. घरी ती एकटी, कामाच्या मावशी मार्चपासून येत नव्हत्या. तिला पुण्याला आणणं भाग होतं. पण आणायचं कुठे? पुण्याची रुग्णसंख्या तेव्हा मुंबईच्या पुढे गेली होती, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर कोविडचं जम्बो रुग्णालय नुकतंच उभं राहिलं होतं. सगळे मला म्हणत होते, "प्रवासात स्वतःला जप." खरं तर धोका मला नव्हताच. धोका माझ्याकडून आईला होता.

हे मला गौरीच्या जेवणाने शिकवलं होतं. माझा मावसभाऊ त्या दिवशी मावशीकडे गेला, दोन दिवस आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून. रिपोर्ट आहे म्हणून मास्क काढला, दारं-खिडक्या लावून पंगत बसली. चौथ्या दिवशी त्याला ताप आला, मग घरातल्या चौघांना. मावशी अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. तो निष्काळजी मुलगा नाही. स्वॅब दिला त्या दिवशी विषाणू सापडला नाही, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लागण झाल्यावर पहिले काही दिवस चाचणीत अनेकदा काहीच दिसत नाही.

म्हणून मी नुसत्या रिपोर्टवर विसंबले नाही. शेजारच्या काकू दोन्ही वेळा आईला डबा द्यायला तयार झाल्या, म्हणून दहा दिवस हातात मिळाले. ते दहा दिवस आम्ही घरातले तिघंही पुण्यातल्या सहकारनगरच्या घराबाहेर पडलो नाही, भाजीसुद्धा गेटवरूनच घेतली. नणंदेने प्रेमाने झडपवाला एन-९५ पाठवला होता, तो ठेवून दिला. त्या झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. मला तर माझा श्वासच अडवायचा होता.

आईच्या मास्कने वेगळीच अडचण केली. तिच्या कानात मशीन आहे. कानाला अडकवायचा मास्क काढताना दोरीबरोबर मशीन निघून यायचं, आणि प्लॅस्टरमुळे हात एकच मोकळा. शेवटी डोक्यामागे दोन पट्टे येणारा मास्क आणला. मी तो तिला घातला, नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवली आणि चष्मा लावून श्वास सोडायला सांगितला. काचेवर वाफ आली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा काच स्वच्छ राहिली. वाफ येते म्हणजे वरून हवा निसटते आहे.

गाडीत मी चालवायला, आई मागे डाव्या बाजूला, म्हणजे माझ्यापासून सगळ्यात लांब. एसी बंद, चारही काचा खाली. पाऊस आला तेव्हा पुढची डावी आणि मागची उजवी तेवढी अर्धी उघडी ठेवली, म्हणजे हवा आरपार खेळती राहते. खंबाटकीच्या बोगद्यात धुरामुळे काचा वर घेतल्या आणि बाहेर पडताच पुन्हा खाली. सॅनिटायझर होताच, पण माझी सगळी भिस्त त्या वाऱ्यावर होती. बंद जागेतली साचलेली हवाच घात करते.

वाऱ्याचा आवाज मशीनमध्ये घोंघावायला लागला तसं आईने ते बंद करून टाकलं. आता बोलणार कसं? शिरवळच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पाणी पी. बाथरूमला मी नेते." तिने वाचलं आणि मान हलवली. नाही म्हणून.

मग पुढच्या पेट्रोल पंपावर मी तिला आधीच घेऊन गेले. एक बाई आतून नुकतीच बाहेर पडली होती. मी दार सताड उघडं ठेवून आईला बाहेरच थांबवलं, पाच-सात मिनिटं आतली हवा निघून जाऊ दिली. आत दोघींचेही मास्क तोंडावर, पिशवी माझ्या खांद्यावर, तिचा प्लॅस्टरचा हात माझ्या कोपरावर. बाहेर येऊन घरच्या साबणाने तिचा उजवा हात मीच चोळून चोळून धुतला, लहानपणी ती माझे धुवायची तसा.

गाडीपासून मी चार पावलं लांब उभी राहिले. आईने उघड्यावर मास्क खाली घेतला आणि बाटली माझ्यापुढे धरली. झाकण एका हाताने उघडत नव्हतं. ते मी काढून दिलं आणि पुन्हा लांब झाले. अर्धी बाटली तिने तिथेच उभ्या उभ्या संपवली. उरलेली कात्रजच्या बोगद्यापर्यंत.